कापलेली खोली

लगीनसराई जवळ आली की माझा गुडघा दुखायला लागतो. गुडघा तसा ठणठणीत आहे, पण दुखायला काहीतरी लागतंच. परवा एक होणारा नवरदेव दुकानात आला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "काका, आपल्याला मुंबईला जाऊन शूट करायचंय. गेटवे, मरीन ड्राइव्ह, तो समुद्रावरचा पूल. तुम्हीच यायचं."

मी गुडघा धरला. "अरे, आता जिने चढवत नाहीत मला."

"गेटवेला कुठं जिने आहेत काका?"

पोराचं बरोबर होतं. खोटं बोलायच्या आधी जागा नीट आठवून बघावी, एवढी अक्कल या वयापर्यंत यायला हरकत नव्हती. जिने गेटवेला नव्हतेच. ते दुसरीकडे होते, माझगावच्या बाजूला, एका चाळीत. लाकडी, मधोमध झिजलेले. त्या जिन्यावर माणसं उठून जाऊन बसली होती, आत माझं शूटिंग नीट व्हावं म्हणून.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. भोरमध्ये माझं नवं दुकान होतं आणि खांद्यावर बसवायचा मोठा कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यामुळे माझा डावा खांदा खाली गेला आणि डोकं वर गेलं. वैशाखातले ते दिवस आठवले की आधी वासच येतात. डोंगरउतारावर भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचे, त्याचा धूर. मांडवामागं जनरेटर, त्याचा डिझेलचा वास. माझ्याजवळ सनगन म्हणून एक दिवा असायचा. तो लावला की नवरीच्या कपाळावरची हळद वितळायची आणि करवल्या पदरानं वारा घालत मला शिव्या घालायच्या. विंझरपासून वेल्ह्यापर्यंतच्या वाटेवर करवंदवाल्या बसलेल्या असत. पानांच्या द्रोणातली करवंदं खात, चिकट बोटांनी मी कॅमेऱ्याची बटणं दाबायचो. त्या काळातल्या निम्म्या लग्नांत चित्र मधेच अडखळतं. नवरा-नवरी बिचारी सरळच चाललेली असतात. अडखळतात ती करवंदं.

तेव्हा मिक्सिंगचं वेड आलं होतं. म्हणजे लग्न इथं, पण कॅसेटमध्ये नवरा-नवरी एका बदामात गुंडाळून भलतीकडेच ठेवायची. आमचा पुण्याचा मिक्सिंगवाला सगळ्यांना एकच परदेशी फुलांचा मळा द्यायचा. भोंगवलीच्या एका आजीनं ती कॅसेट बघितली आणि गंभीरपणे मला विचारलं, "आमची पोरगी कुनाच्या रानात हुबी केलीस रं? इचारून तरी केलीस का?" त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की असलं परकं रान नकोच. आपण मुंबई आणायची.

कारण आमच्याकडच्या प्रत्येक घराचा एक माणूस मुंबईत. माथाडी कामगार, हमाल, कुणी गोदीत, कुणी भाजीच्या बाजारात. तो शिमग्याला आणि जत्रेला यायचा, साबणाचा वास घेऊन यायचा, आणि चार दिवसांनी तो वास विरायच्या आत परत जायचा. घरातल्या बायकांनी मुंबई बघितली होती ती कॅलेंडरवर. ती हलती करून दाखवली तर आख्ख्या तालुक्यात माझ्याच नावाचा डंका! असा हिशेब करून मी निघायची तारीख ठरवली. शेजारचे रफिकभाई टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायचे. माझ्या धंद्याचे ते अर्धे भागीदार आणि पूर्ण टीकाकार. ते म्हणाले, "जा बाबा. पर मुंबईला सांगून जा. तुला बघून घाबरायची ती."

ही बातमी विंझरला आमच्या ओळखीतल्या आण्णांच्या कानावर गेली. त्यांच्या मुलीचं, सुमनचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा वेल्ह्याच्या पलीकडच्या गावचा, नाव रामदास, मुंबईला माथाडीत. आमच्याकडे मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला जातात. पाणी कुठनं आणतात, चूल कुठल्या बाजूला, जनावरं किती, हे सगळं बायका न बोलता बघून येतात आणि परतीच्या वाटेवर बोलतात. गावचं घर बघून झालं होतं. राहिली होती मुंबईची खोली.

आण्णा दुकानात आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तू चाललाच हायेस न्हवं मम्हईला, मंग जावयाची खोली बी तेवढी काडून आन. आमचं राब भाजायचं राह्यल्यात, कुनाला सवड न्हाई. सुमीनंच सांगितलंय. म्हनली, दादांस्नी म्हनावं खोली नीट दाखवा."

एखाद्या घराची सोयरीक बघायला जायचा मान मला मिळत होता. सासरेबुवा, मामा, आत्या, सगळ्यांचे डोळे त्या एका काचेत. मला तो मान वाटलाच नाही. मला वाटलं, जाताजाता एक किरकोळ काम गळ्यात पडलं.

मुंबईत पहिल्या दिवशी मी काय केलं ते आधी सांगून टाकतो. कॅमेऱ्याचं बटण एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. कुठल्यातरी गडबडीत माझं एक दाबणं चुकलं. त्यामुळं गेटवेसमोर पाय फाकवून, श्वास रोखून मी उभा राहिलो तेव्हा कॅमेरा बंद होता, आणि "झकास!" म्हणून कॅमेरा खाली घेऊन चालायला लागलो की तो सुरू. असा अर्धा दिवस. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून मी चित्र मागं नेऊन बघितलं. तर फरशी, भेळेचे कागद, कबुतरांची घाण, आणि या सगळ्यावरून डौलानं चाललेल्या माझ्या चपला. समुद्र एकदाच आला होता, तोही उलटा.

दुसऱ्या दिवशी मी सगळं पुन्हा काढलं. गेटवे, त्यासमोरचं ते भलंमोठं हॉटेल, विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, बोरीबंदर स्टेशनाचा घुमट. हळूच खालून वर, हळूच वरून खाली. गेटवेवर मी फार रेंगाळलो. आता वाटतं, गेटवेला माझी काय गरज होती? लाखो माणसांनी बघितलेली कमान ती. मी नसतो गेलो तरी ती तिथं असती आणि सगळ्यांना माहीत असती. कॅमेरा हातात आला की माणूस जे आधीच सगळ्यांनी बघितलंय तिकडंच का वळतो, कोण जाणे. ओळखीच्या इमारतीपुढं उभं राहिलं की आपणही ओळखीचे होऊ असं वाटत असेल. त्या रेंगाळण्यात दोन्ही बॅटऱ्या संपत आल्या.

दुपारी उशिरा मी रामदासच्या खोलीवर पोचलो. तो खाली रस्त्यावर येऊन थांबला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. जिन्यातच त्यानं मला थांबवलं.

"दादा, एक इनंती हाय. तिला वाटत आसंल, लगीन झालं का मम्हई. तसं न्हाई. ही खोली माजी न्हाई, गावाची हाय. आमी गावची पोरं पाळीपाळीनं झोपतो हितं. बाईमानूस ऱ्हात न्हाई. तिला दोन वरसं तरी गावालाच ऱ्हावं लागंल. ह्ये मला माज्या तोंडानं सांगायचंय."

"अरे, मग चिठ्ठी टाकायची. फोन करायचा विंझरच्या दुकानावर."

"चिठ्ठी आण्णांच्या हातात पडती, फोन दुकानदाराच्या. ते म्हनतील, उगा कशाला सांगताय पोरीला. कॅसेटचं बरं, सगळ्यांम्होरं लागती. तिनं आयकावं आन मंगच व्हय म्हनावं. न्हाईतर न्हाई म्हनावं."

आत माणसं झोपली होती, ती त्यानं उठवली. रात्रपाळी करून आलेली ती माणसं कुरकुर न करता उठली, लुंग्या सावरत जिन्यावर जाऊन बसली. खोलीची एकुलती खिडकी समोरच्या भिंतीला टेकल्यासारखी. ओळीनं पत्र्याच्या पेट्या, वर ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याला एकेकाची पिशवी. रामदास आपल्या खिळ्याखाली उभा राहिला, कॉलर नीट केली, आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "सुमन..."

पुढं तो बराच वेळ बोलला. आवाज एकदा अडखळला, मग नीट झाला. पण काय बोलला ते मला सांगता येत नाही, कारण मी ऐकतच नव्हतो. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता आणि मी त्याच्याकडं बघत होतो. हा मधेच विझला तर? सनगन भोरला ठेवून आल्याबद्दल मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होतो. चौकटीत नुसता काळोख, आणि काळोखात एक पांढरा शर्ट. त्याचं बोलणं संपलं, आणि मी म्हणालो, "छान!"

पुण्यात मिक्सिंगवाल्यानं ते बघितलं आणि तो खो खो हसला. "हे काय रे? भुताचं शूटिंग?"

मीही हसलो. म्हणालो, "काप."

त्या जागी आम्ही एक कारंजं घातलं. रंगीत.

विंझरला देवळापुढच्या मोकळ्या जागेत टेबलावर टीव्ही ठेवला तेव्हा आख्खी आळी लोटली. रफिकभाईंनी वायर जोडली, मी दोन शब्द बोललो. ते दोन शब्द बरेच लांबले. मग गेटवे उगवला. "आयायायाऽ" असा एक आवाज सगळ्यांतून गेला, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. हॉटेल आलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "त्येच्या मागल्या दारानं म्या कांद्याची पोती नेल्यात!" एका म्हातारीनं कबुतरं बघून विचारलं, "एवढ्यास्नी दानं कोन घालतं रोज?" आणि माझ्या चपलांचा एक तुकडा कापायचा राहून गेला होता, तोही आला. मरीन ड्राइव्हवरून माझ्या चपला फटक फटक चालल्या. "मम्हई रुंद हाय," आण्णांचे चुलते म्हणाले, "पर वहाना भोरच्याच!" माणसं डोळे पुसून हसली. मी वाकून सलाम केला. आयुष्यात असं कौतुक मला त्याआधी मिळालं नव्हतं.

मग कारंजं आलं, आणि कॅसेट संपली.

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. "आन खोली?"

सुमन उभी होती. चारचौघांत असं उभं राहून बोलायची रीत नव्हती, पण ती उभी राहिली होती. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

माझ्यावर अजून कौतुकाची नशा होती. मी म्हणालो, "खोली काय बघतीस बाई? आख्खी मुंबई तुझी! खोलीत काय, नुसतं झोपायला जायचं!"

असं हसू उठलं म्हणता! गडी तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. सुमनचा चेहरा लाल झाला. तरी हसू ओसरल्यावर ती पुन्हा म्हणाली, हळू आवाजात, "तरी पन... येकदा दावली आस्ती."

"गप बस गं," आण्णा म्हणाले. "दादांनी एवढी मम्हई आनली ती दिसली न्हाई का?"

ती खाली बसली. दुसऱ्या दिवशी विंझरच्या दुकानातल्या फोनवरून मुंबईला निरोप गेला: पोरीची पसंती हाय.

परतताना टेम्पोत रफिकभाई टीव्हीला पायानं आधार देऊन बसले होते. कापूरहोळ आलं तेव्हा म्हणाले, "पोरीनं दोनदा इचारलं बरं का."

"काय?"

"काय न्हाई. टीव्ही धर, खड्डा हाय."

मी टीव्ही धरला.

लग्न झालं, त्याचं शूटिंगही मीच केलं. सनगन होता, बॅटऱ्या भरपूर होत्या. अक्षता पडल्यावर रामदास गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला. मुंडावळ्या बाजूला करून त्यानं माझे दोन्ही हात धरले. "दादा, लई उपकार झाले. तुमी पोचवलंत." मला वाटलं, गेटवेबद्दल बोलतोय. मी म्हणालो, "अरे, आपलं कामच आहे ते." माझ्या आयुष्यातली सगळी वाक्यं एकीकडं आणि हे एक वाक्य एकीकडं. रात्री कूस बदलताना अजून ते टोचतं. बाकीची चूक निष्काळजीपणाची म्हणता येईल. हे वाक्य मात्र मी नीट हसून, त्याच्या पाठीवर हात ठेवून बोललो होतो.

आखाड लागायच्या सुमाराला दोघं दुकानात आली. नसरापूरला गाडी बदलून आलेली, घामेजलेली. सुमनच्या हातात पत्र्याची ट्रंक होती. रामदासच्या खांद्याला पिशवी. दोघांत एक हाताचं अंतर, आणि ते अंतर सावधपणे ठेवलेलं.

"बसा की," मी म्हणालो. "निघालात वाटतं मुंबईला जोडीनं?"

कुणी बसलं नाही. सुमन म्हणाली, "म्या ट्रंक भरली तवा ह्ये म्हनले, कुटं निघालीस? म्या म्हनलं, तुमच्यासंगं. तर म्हनत्यात, सांगितलं व्हतं की, दोन वरसं जमायचं न्हाई. म्या म्हनलं, कवा सांगितलं? म्हनत्यात कॅसेटमधी. आता मला येक सांगा दादा, कॅसेट काय म्या येकटीनं बगितली? आख्ख्या गावानं बगितली. कारंजं व्हतं."

रामदास तिच्याकडं न बघता म्हणाला, "लावा दादा. मम्हईची जी मूळ कॅसेट हाय ती लावा. घरी सगळी मला खोटा म्हनायला लागल्यात."

मी कपाटातून कॅसेट काढली. तिच्यावर दुसऱ्याच गावचा साखरपुडा घेऊन झाला होता, हे मला माहीत होतं. कॅसेटी महाग पडायच्या, पुसून पुन्हा वापरायचो. तरी मी ती व्हीसीआरमध्ये घातली आणि लगेच बाहेर काढली. म्हणालो, "हेड खराब झालंय बहुतेक." मशिनचं झाकण उघडलं, चिंधी घेतली आणि पुसत बसलो. पुसलेलंच पुन्हा पुसत राहिलो. आतलं नीट दिसेना म्हणून रामदासनं माझ्या टेबलावरची टॉर्च उचलली आणि माझ्या हाताशी धरली. "दिसतंय का दादा?" तो विचारत होता. "अजून जवळ धरू?"

सुमन म्हणाली, "पुसू नका. त्यात न्हाई ते, व्हय ना?"

मी चिंधी खाली ठेवली.

"नाही."

"म्हंजी ह्ये बोललेच न्हाईत?"

रामदासच्या हातातली टॉर्च अजून पेटलेली होती. तिचा उजेड उगाच भिंतीवर पडला होता. त्या एका गोष्टीपुरता सगळ्या जगात मी एकटाच साक्षीदार होतो. खोलीचा प्रश्न तिनं माझ्यापुढं विचारला होता आणि उत्तर त्यानं माझ्यापुढं दिलं होतं, तेही प्रश्नाच्या आधी.

"बोलला होता," मी म्हणालो. "मी कापलं."

"काय बोलले व्हते?"

मी तोंड उघडलं. मला शर्ट आठवत होता. इस्त्रीची घडी आठवत होती. लाल दिवा तर लखलखीत आठवत होता. जिन्यात तो मला काय म्हणाला होता ते मी सांगू शकलो असतो, पण ते मला सांगितलेलं होतं. तिला सांगितलेलं त्यातलं एक अक्षर माझ्याजवळ नव्हतं. गोष्टीवेल्हाळ म्हणून मिरवणारा मी, दुसऱ्यांच्या साता जन्मांच्या गमती सांगणारा मी! त्या दिवशी माझ्याच दुकानात मुका झालो.

सुमन नवऱ्याकडं वळली. "तुमीच सांगा मंग."

"आता काय ते..."

"न्हाई. तवा जसं बोललात तसंच. आत्ता."

रामदासनं टॉर्च विझवली. भिंतीला पाठ लावून उभा राहिला, कॉलर नीट केली, आणि म्हणाला, "सुमन..."

आमच्याकडं बायकोला परक्यासमोर नावानं हाक मारत नाहीत. त्यानं नाव घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. मी दुकानाबाहेर निघून गेलो. मागे दार ओढून घेतलं आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. शेजारून रफिकभाईंनी खुणेनं विचारलं, काय झालं? मी मान हलवली. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. पहिल्यांदाच मला ते ऐकावंसं वाटत होतं, आणि आता ते माझ्यासाठी नव्हतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सुमनचे डोळे लाल होते. ट्रंक आता रामदासनं उचलली होती. ती माझ्यापुढं थांबली.

"दादा, कशापायी कापलंत ओ?"

खरं तेच सांगितलं. "अंधार होता. काही दिसत नव्हतं."

"आवो, मंग!" ती म्हणाली. "अंधार हाय का उजेड हाय, त्येच तर बगायचं व्हतं आमाला."

"ऱ्हाऊ दे गं," रामदास म्हणाला. तो माझी बाजू घेत होता! "दादांचं बी काम व्हतं."

"व्हय, काम व्हतं." तिनं पदर डोक्यावर ओढला. "म्या तरीबी व्हयच म्हनले आस्ते, दादा. पर मंग ते माजं व्हय झालं आस्तं."

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलायला हवं होतं ते इतकं मोठं होतं की त्याच्या वाटेला जायची माझी छाती झाली नाही.

मी म्हणालो, "चहा घेणार का?"

दोघांनीही एकदमच नको म्हटलं आणि स्टँडकडं चालू लागली, तो मुंबईला जायला स्वारगेटच्या गाडीला आणि ती, ट्रंक घेऊन, परत वेल्ह्याला.